तक्रार क्रमांक चारशे बारा

पहिल्या खेपेला तिनं दोनच शब्द लिहिले :
‘चालत नाही.’
खाली नाव, रान्वा. गाव नाही, तारीख नाही.

मी वाल्दिव्हियात, नदीकाठी राहतो.
दिवसा लाकडाच्या वखारीत हिशेब
आणि रात्री, फुकट,
भरती-ओहोटीचे तक्ते छापणारं हे सॉफ्टवेअर सांभाळतो.
खाली मासळीबाजाराच्या कडेला समुद्रसिंह
माशांच्या मुंडक्यांवरून बोंबलत होते.
त्यांचंही मला कळत नव्हतं
नेमकं काय चालत नाही.

तीनदा तिरकस उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं.
मग साधंच विचारलं :
बाई, तुम्ही काय केलंत?
काय व्हायला हवं होतं?
आणि झालं काय?

नऊ दिवस सामसूम.
दहाव्या दिवशी फेरो बेटांवरून :

‘बंदराच्या कचेरीतला जुना संगणक. आवृत्ती तीन पूर्णांक दोन.
गावाचं नाव टाकलं, जून निवडला, छापा म्हटलं.
तीस ओळी यायला हव्यात.
अकरा आल्या. पुढे कोरा कागद.
पुन्हा केलं. अकराच.
शाळेतून प्रिंटर उसना आणला. अकरा.
क्लाक्सव्हीक टाकून पाहिलं, तर तीसच्या तीस.
मग कॉफी घेतली.
मग आमच्या गावाचं नाव मुद्दाम चुकवलं :
डोक्यावर आडवी काडी घेतलेलं ते पाठीत वाकलेलं अक्षर काढून
तिथे साधा डी बसवला.
तीस.
का, ते मला ठाऊक नाही.
ते अक्षर आम्ही नुसतं लिहितो, उच्चारत नाही.

बाराव्या तारखेला माझा भाऊ होडी काढणार होता,
म्हणून पहिल्यांदा तसं लिहिलं गेलं.’

का, ते मला ठाऊक नाही –
या एका वाक्यासाठी मी तिला वखारीतलं
सगळ्यात कोरडं लाकूड पाठवलं असतं.
इथे रोज मला कारणं येतात, ढिगांनी.
काय दिसलं, ते कुणी सांगत नाही.

तिच्या पावलांवर पाऊल ठेवत गेलो.
माझ्याही पडद्यावर अकरा ओळी, मग पांढरं.
स्वतःची चूक इतकी स्वच्छ दिसल्यावर
माणूस एकटाच टाळी वाजवतो, रात्री दीड वाजता.

सहा वर्षांपूर्वी मी
प्रत्येक अक्षराला एकेक खुर्ची मांडली होती.
हे मुकं अक्षर दोन अडवून बसायचं
आणि शेवटी महिन्यातले एकोणीस दिवस
उभे राहून राहून निघून जायचे.

एक ओळ बदलली. नवी आवृत्ती सोडली.
आभारांच्या पानावर तिचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी क्रमांक चारशे तेरा :
‘आभारांचं पान उघडलं.
तिथे माझं नाव यायला हवं होतं.
जवळजवळ आलं आहे.
शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ गळाली.
बंद करून पुन्हा उघडलं.
तसंच.’