आठ पावलं

मे महिना. शेहेचाळीस.
अमरावती रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं
आणि धकाते हिंगण्याहून नायट्रोजनचा कॅन आणतात
ऑटोत, मांडीवर पोतं टाकून.
झाकणाशी वाफ बघून
सिग्नलवरची पोरं विचारतात,
काय जी काका, कुल्फी होय का?

लॅबमध्ये कूलरची घरघर, ओला खस,
आणि टेबलावरचा तो बुटका चुंबक
ज्याला मी तीन वर्षं विचारते आहे,
सांग, या नळीत कोण आहे.
सांगतो. पण पुटपुटत.
अर्धी अणुकेंद्रं वर बघतात, अर्धी खाली,
एकमेकांना खोडत राहतात,
दहा लाखांत उरतात पाच.
त्या पाचांचाच काय तो आवाज.
चार हजार वेळा कान लावला
तेव्हा पडद्यावर एक टेकाड आलं,
तेही कदाचित कूलरचं.

मग इरिडियम मागवलं. अर्धा ग्रॅम.
बिलावर सही करताना विभागप्रमुखांनी
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

आधी हायड्रोजनला गारठ्यातून न्यायचं,
नायट्रोजनमध्ये बुडालेल्या नळीतून,
गंजाच्या पुडीवरून.
तिथे त्याच्या जोड्या लागतात,
एक वर, एक खाली,
इतक्या घट्ट की बाहेरून साफ मुक्या.
शिस्त सगळी आत.

इरिडियम एका हाताने ही मुकी जोडी धरतं,
दुसऱ्या हाताने औषधाचा रेणू,
आणि थोड्याच वेळात दोघांनाही सोडून देतं.
शिस्त घेऊन जातो रेणू.
धातूकडे काही राहत नाही,
तो पुढच्याला धरतो.
हळदीच्या पाण्यासारखा पिवळा होता नळीतला रंग,
तेवढा उडालेला दिसतो.

पण टिकत नाही हे.
पाच-सहा सेकंद, फार तर.
गड्डीगोदामच्या पंखेवाल्याने गुंडाळून दिलेलं
तांब्याचं वेटोळं खिडकीपाशी,
कारण त्याला चुंबकाची सावलीही चालत नाही.
चुंबक दाराशी.
मध्ये आठ पावलं.

मी धावायचे, स्टुलाला अडखळायचे,
पोचेपर्यंत नळी सगळं विसरलेली.
धकाते म्हणाले, द्या इकडं मॅडम.
ते महालात कबड्डी खेळायचे एके काळी.
नळी हलवत दहापर्यंत मोजतात,
मग श्वास कोंडून निघतात,
ओठांतल्या ओठांत कबड्डी कबड्डी,
आणि नळी चुंबकात सुटली की मगच
श्वास सोडतात.

त्या दुपारी रेघ उठली
ती पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर गेली.
एकदाच ऐकून.
मी ओरडले बहुतेक.
ते विचारत होते, कोणतं औषध होय जी नळीत?
आयसोनियाझिड, म्हटलं. टीबीचं.

ते स्टुलावर बसले, गुडघा चोळत.
"हे तं आमच्या घरी सहा महिने खाल्लं.
मेडिकलमधून मीच आणत होतो.
गिळताना रोज पाहो.
आत जाऊन काय करते, ते काही दिसे नाही."

मी म्हटलं, तसं हेही नाही दिसत, धकाते.
हे फक्त आपलं नाव सांगतंय.

"नाव सांगते ना? मंग झालं."

पुढचं मी विचारलं नाही.
कूलरमध्ये पाणी घालायला ते उठले.

निबंधात लिहिलंय:
नमुना तीन सेकंदांत हाताने हलवण्यात आला.
कोणाच्या, ते त्या वाक्यात मावत नाही.
मी दोनदा घालून पाहिलं.
आभाराच्या ओळीत नाव आहे,
धकाते, ज. मा., सगळ्यात शेवटी,
विद्युत विभागाच्या नंतर.

जुलैत ते निवृत्त होतात.
हवेच्या दाबाने नळी फेकणारं यंत्र
निविदेत अडकलंय.
संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी रिकामी नळी घेऊन तालीम करते.
पाचव्या पावलावर
श्वास सुटतो.