जॉब नंबर चार

सकाळी नऊनंतर पाणी प्यायचं नाही
हा आमचा पहिला नियम.
न्यूटनचे तीन त्याच्यानंतर.

भुसावळ. एप्रिल. पारा सेहेचाळीसवर.
वर्कशॉपच्या पत्र्याखाली मुलं माठ रिकामा करायची
आणि आम्ही कोरड्या ओठांनी कानस चालवायचो –
सावद्याची हेमांगी झोपे, यावलची नूरबानू तडवी
आणि मी.
साठांत तिघी.

फाउंड्रीमागे एक संडास होता.
त्याच्या दाराला कडी नव्हती.
एकीनं आत जायचं, दुसरीनं दार ओढून धरायचं,
तिसरीनं वळणावर उभं राहून खोकायचं.
एखादी गैरहजर असली
की उरलेल्या दोघींचं गणित सुटायचं नाही.

आठ मार्चला हॉलमध्ये भाषण झालं होतं.
पंख, भरारी, गगन वगैरे.
प्रत्येकीला एक गुलाब.
हेमांगी म्हणाली,
याच्याऐवजी एक खिळा दिला असता तर?

नूर लेथपाशी कोसळली तेव्हा
तिची वेणी चकपासून वीतभर लांब होती.
सपकाळे मामांनी मशीन बंद केलं,
तांब्या तिच्या तोंडाला लावला.
ती शुद्धीवर येता येता म्हणत होती, नको, पाणी नको.
मामांनी का ते विचारलं नाही.
उठले, फाउंड्रीमागे गेले,
बराच वेळानं परत आले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांना व्ही-जोड.
आमच्यापुढे पट्टी, सळई आणि चार स्क्रू.
"तुमचा जॉब वेगया हाये, पोरीहो.
कडी करा. मापात करा.
मार्क देईन, पन दार मी सोता तपाशीन."

तीन दिवस लागले.
हेमांगीनं सळई वाकवली,
नूरनं कडा इतक्या घासल्या
की बोट फिरवलं तर लोणी वाटावं.
भोकं माझ्याकडे होती.
शेवटच्या भोकाला मी घाई केली,
ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकलं.
मामांनी व्हर्नियर लावलं, एक मार्क कापला,
आणि दार लावून, उघडून, पुन्हा लावून पाहिलं.

त्या दुपारी आम्ही माठापाशी गेलो.
मुलं बाजूला झाली, की आम्हांला तसं वाटलं, आठवत नाही.
पाण्याला मातीचा वास होता एवढं आठवतं.

हेमांगी आता दीपनगरला बॉयलरवर आहे.
नूर गिअरबॉक्स डिझाइन करते,
फोनवर अजून भांडते माझ्याशी त्या भोकावरून.
मामा गेले. कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं.

यंदा परीक्षक म्हणून मला तिथेच बोलावलं.
वर्कशॉपला नवे पत्रे, माठाच्या जागी कूलर.
फाउंड्रीमागे गेले तर
दार आतून बंद.
"थांबा हं," आवाज आला.
मी थांबले. मुळीच घाई नव्हती.

बाहेर आली ती एक उंच पोर,
एप्रनच्या खिशात अर्धी संपलेली पाण्याची बाटली.
जाता जाता वळून म्हणाली,
"मॅडम, कडी जरा अडते.
थोडी उचलून लावा."

म्हटलं,
माहीत आहे.