चार बोटं

दुइलियोनं आधी मला गाडीवर बसवलं.
म्हणाला, डोळे मिट, हात पुढे कर,
आपोआप थांबतील तिथे थांबू दे.
ते थांबले
हँडलच्या चांगले चार बोटं वर
आणि दोन बोटं माझ्याकडे.
त्यानं हवेतच खडूची रेघ ओढल्यासारखं केलं,
"नीवेस, एवढंच तर आहे."

एवढंच.
एकतीस वर्षं मानियागोच्या कारखान्यात
सुऱ्यांना धार लावली,
फिरत्या दगडावर ओणवी होऊन,
आणि रविवार आला की गाडीवर
पुन्हा तशीच ओणवी.
टाकीवर छाती, बुटकं हँडल,
सगळा भार मनगटांवर.
शर्यतवाल्यांसाठी घडवलेली गाडी ती.
मी कुणाशी शर्यत लावली?
एकदा, ब्याण्णव साली, पोस्टमनशी.
हरले.

गेल्या ऑक्टोबरात तालियामेन्तोच्या पुलावर
डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
नाहीशीच झाली.
हातमोज्यात होती, क्लचवर होती,
फक्त माझी नव्हती.
पूल संपला तिथे गाडी लावली,
हात झटकत उभी राहिले.
खाली नदी कमी, गोटेच जास्त.
तिथे मी हात टेकले:
कठड्यावर,
आणि लोक म्हणतात त्या अर्थानंही.

मुठीचं जुनं रबर कापायला दुइलियो ब्लेड शोधत बसला.
मी खिशातली सुरी काढली, माझ्याच धारेची.
रबर सफरचंदाच्या सालीसारखं उलगडलं.
आत पोलादावर फिकट कडं उमटलेलं,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतं तसं.

नवं हँडल खोक्यातून निघालं
गरीब गाईच्या शिंगांसारखं.
कामाला असलेला पोरगा, ओरेस्ते, हसला:
"माझ्या मावशीच्या सायकलला अस्संच आहे."
"मावशीचे हात बधिर होतात?"
"नाही."
"मग?"

क्लचची तार पुरली.
ब्रेकची नळी पुरली नाही, तीही दोन बोटांनी.
पोर्देनोनेहून दुसरी यायला अकरा दिवस.
अकरा दिवस गाडी कोपऱ्यात
हातावर हात ठेवून बसलेल्या बाईसारखी.
नळी आली, बसली, तेल भरलं, हवा काढली,
गाडी चालू केली,
हँडल डावीकडे पुरतं वळवलं
तर इंजिन आपणहून चढायला लागलं,
कुणी न मागता, कुणी न पिळता.
दुइलियोनं कान लावला.
"तार ओढली जातेय. उंच बसायचं
तर बाकीच्यांना जरा सैल सोडावं लागतं."
तो तारेबद्दलच बोलत होता.
आतून त्याच्या बायकोचा आवाज आला:
"ऐकतेय मी."

तार टाकीखालून नव्या वाटेनं नेली.
पुन्हा वळवलं. इंजिन गप्प, आपल्या लयीत.
पैसे देताना कळलं, हँडल स्वस्त होतं,
महाग पडले ते बाकीचे दोन-दोन बोटं.

स्वर्ग दोन बोटं उरला, असं मी नाही म्हणणार.
पाठ अजून कुरकुरते.
आणि वारा! तो आता थेट छातीवर येतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पण स्पिलिम्बेर्गोच्या वाटेवर
ज्या भिंती मला नुसत्या भिंती म्हणून ठाऊक होत्या
त्यांच्या पलीकडे दिसलं:
कोबीचे वाफे,
उलटी ठेवलेली न्हाणीची टोपली,
खिडकीत आरसा टांगून दाढी करणारा एक म्हातारा,
ज्यानं अर्ध्या फेसाच्या तोंडानं
मला मान डोलावली.
इतकी वर्षं तो तिथेच होता का?
मी टाकीवरचं रंगाचं टवकं पाहत होते.

पुलावर वेग कमी केला,
हातमोज्याच्या आत एकेक बोट हलवून मोजलं.
दहा.

जुनं हँडल टाकवेना, घरी आणलं.
स्वयंपाकघराच्या दारामागे दोन खिळ्यांवर ठोकलं आहे.
लसणाच्या जुड्या त्यावर बऱ्या राहतात,
माना खाली घालून.