चोक

डिसेंबरात दिघीला, पहाटे साडेपाचला,
सी-बिल्डिंगच्या खालची आमची वन-वन-एट
उठायची ती फक्त पुष्पलताच्या हाताने.
चोक अर्धा. पेडल दोनदा, तिसऱ्यांदा नाही.
मग थांबायचं, आतून खोकला ऐकू येईपर्यंत,
आणि एक शिवी, अस्सल सोलापुरी, माहेरून आणलेली.
तीस वर्षं मी टूलरूममध्ये शतांश मिलिमीटर मोजला;
मला ती पहिल्या किल्लीत कधीच पावली नाही.

निवृत्त झालो आणि ठरवलं, कार्बोरेटर काढायचा.
तिची बोटं सुजतात आता.
खडकीच्या हॉस्पिटलात दिवसाला साठ जणांचं रक्त काढते.
बोलत काही नाही. चोकची गुंडी ओढताना
ओठ आवळते, एवढंच.

मॅनिफोल्ड सुटला तो जेवणाच्या टेबलावर, पेपर अंथरून.
चार नळ्या, आतून काळ्या,
आ करून बसलेल्या, जशा डॉक्टरपुढे.
रॉकेल, सोडा, दात घासायचा जुना ब्रश, दोन दिवस.
तरी उन्हात ठेवला की ओतकामाच्या छिद्रांतून
बावीस वर्षांचं तेल घामासारखं वर.

इंजेक्टर जुन्या बाजारातले, कुठल्याशा ठोकलेल्या ऑल्टोचे.
बुश भोसरीत कातून घेतले, चहाच्या बोलीवर.
कोन मी स्वतः काढला:
पेट्रोलची धार थेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडली पाहिजे,
भिंतीला लागून ओघळता कामा नये.

कासारवाडीचे शिकलगार, वेल्डिंगला त्यांच्यासारखा हात नाही.
मॅनिफोल्डला त्यांनी आधी कपड्याचा साबण चोळला.
म्हणाले, लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं.
हे ॲल्युमिनियम सांगत नाही.
दिसायला तसंच राहतं, चांदीसारखं,
आणि एकदम सांडतं.
म्हणून साबण. तपकिरी झाला की हात घालायचा,
काळा झाला की मागे सरायचं.
मला घरचं काही आठवलं.
ते त्यांना कशाला सांगू.

थंड झाल्यावर पट्टी लावून पाहिली. वाकला होता.
तीन नव्हे, तीस शतांश.
मग फुटक्या शोकेसची काच, तिच्यावर पॉलिश पेपर,
आणि त्याच्यावर मॅनिफोल्ड आठच्या आकड्यात फिरवायचा,
मराठी आठ नव्हे, इंग्रजी. कोपर बोलेपर्यंत.
सेक्रेटरी गुंजाळ दोनदा येऊन गेले:
पार्किंगला पेट्रोलचा वास येतो म्हणून.
येणारच की हो.

वरच्या मजल्यावरचा ओजस बॉनेटवर लॅपटॉप ठेवून
काजूकतलीच्या डब्याएवढ्या मेंदूला शिकवत होता
किती मिलिसेकंद उघडायचं, किती वेळ मिटायचं.
थंडीचं काय, विचारलं.
म्हणाला, काका, थंडीचे आकडे अजून अंदाजेच आहेत.
मला बरं वाटलं. सगळंच मोजून झालं असतं तर.

रविवारी दुपारी किल्ली फिरवली.
सुरू. जशी जागीच होती, डोळे मिटून.
पुष्पलता बाल्कनीत आली, हाताला कणीक.
म्हणाली, एवढंच?

गुंडी मी काढली नव्हती.
डॅशबोर्डला भोक दिसलं असतं.
मागची केबल कापून टोकाला टेप गुंडाळली होती,
आणि तसं तिला सांगितलंही होतं,
म्हणजे मला वाटतं, सांगितलं होतं.

सोमवारी नऊ अंश. मी खिडकीशी.
गाडी सुरू झाली, पण थरथरत,
ओजसचा अंदाज कुठेतरी कमी पडत होता.
काचेतून दिसलं: तिचा हात गेला,
गुंडी अर्धी ओढली, आणि ती वाट पाहत राहिली.
अर्ध्या मिनिटात इंजिन तापलं, आपलं आपण,
आणि आवाज सरळ झाला.
तिने गुंडी आत ढकलली.
शिवी ऐकू आली नाही, ओठांवरून कळली.

संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली,
गुंडीला तेल घातलंत का? हलकी झालीय.
हो, म्हटलं.