तिसरी शिट्टी

दूध वर आलं की आमच्या घरी बदक ओरडतं.
पुतणीच्या मोडक्या खेळण्यातलं. त्याचं पोट उसवून
आवाज तेवढा काढून घेतला,
पातेल्याच्या काठाला दोन तारा अडकवल्या.
साय चढली, तारांना टेकली, की
क्वॅक.
पहिल्या दिवशी गवळी दारातच उभा होता.
म्हणाला, "वैनी, म्हशीचंच हाय वं दूध."

गोकुळ शिरगावच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
बोर्डांवर टाके घातले मी,
दिवसाला चारशे, लोकांच्या मशिनींसाठी.
कारखाना बंद झाला. हिशेबात
एक सोल्डर गन आणि अर्धं रीळ हाती आलं.
आता ओट्यावर मिसळणाच्या डब्याला खेटून
रेझिस्टरांचा डबा असतो.
रोझिनचा धूर आणि मोहरीची फोडणी
एकाच खिडकीतून बाहेर जातात.
जाऊबाई एकदा जिरं समजून
चिमूटभर डायोड टाकणार होत्या.

तिखटमीटरही केला होता.
उद्यमनगरच्या भंगारातला व्होल्टमीटर, काटा शाबूत.
तांबड्या रश्शात तार बुडवली, काटा शेवटाला टेकला.
पांढऱ्यात बुडवली, तरी शेवटालाच.
खरं तर रस्सा किती गरम आहे
एवढंच कळत होतं त्याला, पण पाहुण्यांना कोण सांगतंय?
सांगलीची माणसं काट्याकडं बघत
दोन घास कमीच जेवली.

यांचं ऐकणं गेलं ते हळूहळू.
आधी दाराची कडी, मग फोन, मग मी.
सव्वीस वर्षं रेफ्री होते.
दोन पेठा अंगावर धावून आल्या तरी
एका शिट्टीवर मैदान थांबवणारा माणूस,
आणि कुकर पाचव्या शिट्टीला गेला तरी
शेजारी बसून पेपर वाचायचा.
डाळ करपायची. मी बोलायचे.
ऐकू न येणाऱ्याला बोलण्यात
किती दम लागतो, ते करून बघावं कुणीतरी.

म्हणून दिवे केले. एक माइक,
शिट्टीचा बारीक आवाज तेवढा गाळून घेणारी चाळण,
आणि फळीवर ओळीनं तीन लाल एलईडी.
माइक खिडकीबाहेर बांधला, आत वाफेनं मरतो.
एक शिट्टी, एक दिवा.
तिसरा लागला की हे उठतात,
गॅस बंद करतात
आणि सवयीनं हात वर करतात.

जानेवारीत एकदा, साडेचारच्या सुमाराला,
कुकर घासून पालथा घातलेला, शेगडी गार,
आणि दिवा लागला.
म्हटलं, कुठंतरी शॉर्ट झालं. पेचकस घेतला.
दुसरा लागला.
यांनी माझं मनगट धरलं,
मान वळवून खिडकीकडं,
स्टेडियमच्या भिंतीकडं बघत राहिले.
"फाऊल," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, दिव्यालाच म्हटल्यासारखं,
"कार्ड दाखवायला पाहिजे होतं."

चाळण दुरुस्त होते. एक कपॅसिटर बदलायचा,
पाच रुपयांचं काम.
आणून ठेवलाय मी तो,
मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली.
मॅच असली की शिट्ट्या एकमेकींत मिसळतात,
आमचा भात कच्चा राहतो.
खातो आम्ही.