अस्तर

सकाळी साडेसात. नदीकडच्या खिडकीत धुकं,
मोनोंगाहेलावरून कोळशाची बार्ज हळू सरकते आहे.
मी फ्रीझर उघडते. उणे वीस.
कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी,
वजनाला मोहरीएवढी, किमतीला अंगठीएवढी.
पाण्यात पडली की तिचे रेणू आपणहून लागतात रांगेत:
डोकं पाण्याकडे, दोन्ही शेपट्या आत,
शेपटीला शेपटी. कुणी सांगावं लागत नाही.

नळी शिवणाच्या दोऱ्याएवढी,
तिचं भोक माणसाच्या केसाहून बारीक.
काच शुद्ध, म्हणजे नुसती वाळू, वितळवून ओढलेली.
आणि फार लोभी.
येणाऱ्या-जाणाऱ्या प्रथिनाचा पदर धरते.
लायसोझाइम तर दारातच बसकण मारतं;
पडद्यावर जिथे टोकदार शिखर हवं
तिथे लांबलचक शेपूट,
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.
कोण कधी निघालं, कोण कोणाच्या मागे,
काही म्हणता काही कळत नाही.

म्हणून आधी अस्तर.
सोडा, पाणी, आम्ल, पुन्हा पाणी,
मग वीस मिनिटं ही दुधाळ चरबी, सावकाश.
आई बिडाच्या तव्यावर असाच हात फिरवायची,
डुकराच्या चरबीचा, बोटांच्या टोकांनी, कडेपर्यंत;
मग मक्याची भाकर आपली आपण सुटून यायची.
"किती दिवस टिकतं?" क्वाबेनाने विचारलं होतं,
कुमासीहून आला त्याच आठवड्यात.
दिवस? चार फेऱ्या, फार तर पाच.
मग पुन्हा पहिल्यापासून.

वडील एकतीस वर्षं खाली होते.
शेवटची दहा, जेव्हा कोळशाचा थर कमरेएवढाही उरला नव्हता
आणि यंत्र कोळशाबरोबर खडकही कापायचं.
खडकात वाळू.
क्लिनिकमधल्या बाईंनी भिंतीवरचं चित्र दाखवलं:
फुप्फुसाच्या प्रत्येक फुग्याला आतून
चरबीचा एक पातळ थर असतो, मिस्टर कटलिप,
नाहीतर दर श्वासाला तो मिटून चिकटला असता.
थराचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं.
माझ्या बाटलीवरच्या नावाचं चुलत भावंड.
मी काही बोलले नाही.
गाडीत बसल्यावर हिशेब लागला:
मी वाळूला अस्तर लावते,
त्यांच्या अस्तरात वाळू.

रविवारी ते व्हरांड्यात, मांडीवर नुकसानभरपाईचे कागद,
नाकाखालची नळी माझ्या नळीपेक्षा कितीतरी जाड.
"ओलेटा, तू तिथे दिवसभर करतेस काय?"
सांगितलं. तवा, भाकर, पाहुणा, सगळं.
ते ऐकत राहिले. मधे यंत्र घरघरत होतं.
मग म्हणाले, "म्हणजे काचेला शिकवतेस,
प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेऊ नये."
हसले. हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याची बराच वेळ नुसती वाट.
आईने आतून विचारलं, पाणी देऊ का.
कागद वाऱ्याने अंगणात गेले, मी गोळा करून आणले.
तेवीस टक्के, लिहिलं होतं एकावर.
कशाचे, ते दुसऱ्या पानावर.

आज पंचवीस हजार व्होल्ट.
सहा मिनिटं चौदा सेकंदांनी लायसोझाइम आलं,
सरळ, अरुंद, एकटं,
कुणाचा हात न धरता.
क्वाबेनाने शीळ घातली.
मी वहीत वेळ लिहिली, खाली रेघ मारली.
दुसरी फेरी तशीच. तिसरीही.
चौथ्या फेरीत पायथ्याशी जरा फुगवटा,
न सांगता कळेल इतका.

मी यंत्र थांबवलं
आणि फ्रीझरकडे गेले.