दुखरा हात आधी

मंगळवारी संध्याकाळी, वुच शहरात,
बंद कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
माग होते तिथे आता आमची बारा इझलं.
फरशीत बोल्टांची भोकं अजून आहेत.
त्यातल्या एकात माझ्या इझलचा पाय
नेमका बसतो.

तीन महिने उघडं शरीर काढलं.
बरगड्या, माकडहाड, गुडघ्याची वाटी,
हळूहळू जमत आलं होतं.
मग हाल्श्का बाई म्हणाल्या, आता कपडे.
मला वाटलं, सुटलो.
झाकायचंच तर आहे.

पहिला कोट काढला
तो कुणाच्या अंगावर नव्हताच,
कागदावर वाळत घातला होता.
चुण्या मी टाकल्या होत्या
भाजीत मीठ टाकतात तशा, अंदाजपंचे.
बाईंनी एकीवर बोट ठेवलं.
"ही कुठून आली?"
मी गप्प.
"ही?"
गप्प.
बोटाला कोळसा लागला तो त्यांनी
माझ्याच बाहीला पुसला, आणि पुढे गेल्या.

तेव्हापासून बघतोय.
चुणीला माहेर असतं.
खांदा, कोपर, कंबर,
जिथे कापड अडतं तिथून ती निघते,
वजन नेईल तिकडे जाते,
वाटेत दुसरी भेटली की दबून
तिच्याखाली शिरते.
ताणलेली सरळ असते, तिला काढणं सोपं.
सैल पडलेली अवघड.
झोळ काढताना हात आपसूक घट्ट होतो.

बोगुमिवा स्टुलावर बसते. वय एकाहत्तर.
याच इमारतीत खालच्या मजल्यावर
तीस वर्षं कापड बेतायची.
अंगावर शाळेच्या ट्रंकेतला कोट,
पुरुषी, राखाडी, लोकरीचा,
जुन्या बाजारातून आठ झ्लॉटीला आणलेला.
त्याची डावी बाही मला काही केल्या जमेना.
कोपराची चुणी पडायची
तिच्या कोपराच्या चार बोटं खाली.
पुसली. जिथे असायला हवी तिथे केली.
पुन्हा बघितलं तर
खालीच.

"पुसू नकोस," बोगुमिवा म्हणाली,
ओठ न हलवता, पोज न मोडता.
"ते कोपर माझं नाही.
लांब हाताचा होता कुणी. डावखुरा.
उजव्या खिशात काहीतरी जड ठेवायचा,
कॉलर बघ कशी तिकडे उतरलीय.
अस्तर एकदा बदललंय. घाईत.
बाईमाणसाने नाही."
एवढं बोलून ती परत
मॉडेल झाली.

मी दोघांना काढलं मग.
एका कोटात दोन माणसं,
एकमेकांशी न पटणारी.
बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, पंजा लहान झालाय.

रात्री इस्पितळात माझी पाळी असते.
वॉर्डबॉयला पहिल्या आठवड्यात शिकवतात:
कपडे घालताना दुखरा हात आधी,
काढताना शेवटी.
बाही मुठीत गोळा करायची,
उलटीकडून आपला हात तिच्यात घालायचा,
पलीकडे पेशंटचा हात हातात घ्यायचा,
ओळख करून घेतल्यासारखा,
आणि बाही आपल्या हातावरून त्याच्या हातावर
सोडून द्यायची.
सहा वर्षं करतोय.
कधी बघितलं नव्हतं.

काल पहाटे सेवेरिन आजोबांच्या बाहीत
काखेपाशी तीन चुण्या निघाल्या,
दंडावरून वळल्या,
आणि जो हात वर्षभर हललेला नाही
त्याच्यावर जाऊन
अगदी निवांत पडल्या.
मी थांबलो.
"काय रे, डाग आहे का?"
"नाही. चुणी."
त्यांनीही मान वाकवून बघितलं.
बराच वेळ बघितलं,
आपला हात कुणी दुसऱ्याने
आणून ठेवल्यासारखा.

मग चहाची गाडी आली.
बटणं राहिली होती.
ती ते स्वतः लावतात,
एका हाताने.
वेळ लागतो.